देविदासचं उजवं पाऊल

आमच्या धंद्यात माणूस दारातून आत येतो तो एकच प्रश्न घेऊन. "किती दिवस लागतील?" बसायच्या आधी विचारतो, नाव सांगायच्या आधी विचारतो. पूर्वी मी समजावून सांगायची. नंतर नंतर नुसतं "बघू" म्हणायला लागले. हल्ली कुणी विचारलं की मी खुर्ची दाखवते.

मी फिजिओथेरपिस्ट. दिग्रसमध्ये हा शब्द कुणाच्या जिभेवर कधी नीट बसला नाही. कुणी मला मालीशवाली बाई म्हणतं, कुणी मशीनवाल्या मॅडम. एका म्हातारबुवांनी तर बरीच वर्षं मला नर्स समजून माझ्याकडे खोकल्याचं औषध मागितलं. कापसाच्या बाजाराच्या रस्त्यावर तळमजल्यावर माझी एक खोली आहे: एक टेबल, भिंतीला धरून चालायचे दोन लोखंडी बार, एक मशीन आणि खिडकीला पत्र्याचा कूलर. या दिवाळीनंतर ती खोली मी सोडते आहे. दोन्ही अंगठ्यांचे सांधे गेलेत. दुसऱ्यांचे सांधे सोडवता सोडवता माझे आखडले. संपादकांनी सांगितलंय, वाचकाला उमेद देणारं काही लिहा. उमेद माझ्याकडे बेताचीच शिल्लक आहे, पण एका पायाची गोष्ट आहे, ती सांगते.

आधी धंद्याचं थोडं. लोकांना वाटतं, व्यायाम म्हणजे मी करायची गोष्ट आणि त्यांनी पाहायची. बाजारातले एक अडते होते, खांदा आखडलेला. पहिल्या दिवशी मी हात वर करायला सांगितला तर म्हणाले, "आमचा माणूस आहे दुकानात, त्याले पाठवतो. त्याच्याकडून करून घ्या." थट्टा नव्हती, खरंच पाठवला. तो बिचारा टेबलावर बसून हात वर-खाली करून गेला.

असे लोक परवडतात. हसून दिवस निघतो. अवघड असतात ते पाय, ज्यांच्यातली जाणीव गेलेली असते. हात-पाय हलत नसला तर घरच्यांना दिसतं. स्पर्श गेलेला कुणालाच दिसत नाही, कधी कधी ज्याचा पाय त्यालाही नाही. राळेगावकडची एक आजी भर मे महिन्यात बसस्टँडवरून माझ्याकडे चालत आली. दारात आली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल होती, एका पायात नव्हती. चप्पल बसमध्येच राहिली होती आणि तिला पत्ता नव्हता. तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तळव्याचं कातडं सोलून निघालं होतं आणि ती मला विचारत होती, "बाई, पानी हाये का प्याले?" तेव्हापासून अशा प्रत्येकाला मी बजावते, रोज तळपाय उलटा करून बघायचा. डोळ्यांनी बघायचा, पायावर विश्वास ठेवायचा नाही.

देविदासला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

देविदास दिग्रस-पुसद रस्त्यावर काळीपिवळी चालवायचा. प्रवासी जीप. बाहेरच्यांसाठी सांगते, या जीपमध्ये कंपनीने सांगितली असतील त्याच्या दुप्पट माणसं बसतात, शिवाय बोचकी, कोंबड्या आणि ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसलेला कुणीतरी. संध्याकाळी पुसदहून रिकामी गाडी घेऊन येताना रानडुक्कर आडवं आलं. त्याला वाचवताना गाडी बाभळीवर गेली. उजवा गुडघा समोरच्या डॅशबोर्डवर आदळला आणि खुब्यातलं हाड मागे सटकलं. यवतमाळला डॉक्टरांनी हाड जागेवर बसवलं. पण खुब्याच्या मागून जी जाड नस पायात उतरते, ती ताणली गेली होती. गुडघ्याखाली पाऊल लोंबत होतं. चालताना ते फटकन जमिनीवर आपटायचं. ना वर उचलता येई, ना त्याला काही लागलेलं कळे.

नस तुटली नसेल तर ती पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. खुब्यापासून तळपायापर्यंत आपलं आपण मोजून बघा. हे मी देविदासला सांगितलं तेव्हा त्याने विती टाकत आपला पाय मोजला. "मंजे मॅडम, गोगलगाय बी याच्या पुढं निंगून जाईन," तो म्हणाला.

सोबत त्याची बायको होती, रंजना. जिनिंगच्या कारखान्यात कापसातला कचरा वेचायला जायची. लहानखुरी, ठाम. तिने दवाखान्यातून घरी आणल्याबरोबर त्याला आधी बुद्धविहारात नेलं होतं आणि त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की मॅडम स्वतः 'पाय झाला' म्हणेपर्यंत गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. एका माणसाचं गाडी चालवणं, आणि त्याच्या गाडीत कोंबलेल्या सगळ्या लोकांचा जीव, माझ्या शब्दावर येऊन बसला होता. उजवा पाय म्हणजे ब्रेकचा पाय. "ब्रेक किती दाबला ते मले तळव्याले समजते," देविदास सांगायचा. "डोळ्यानं थोडीच चालते गाडी!"

तो रोज आला. मी मशीन लावायची, घोटा हलवायची, टाच ताणायची, आणि आठवड्यातून एकदा स्पर्शाची परीक्षा घ्यायची. परीक्षा साधी असते. माणसाने डोळे मिटायचे. मी कापसाचं टोक पावलावर कुठेतरी टेकवायचं. लागलं की त्याने 'हो' म्हणायचं. कापूस आमच्याकडे विकत आणावा लागत नाही, रंजनाच्या पदरालाच चिकटलेला असे. मी कामाच्या वेळी हातात बांगडी, घड्याळ काही घालत नाही, पेशंटला ओरखडे येतात. त्यामुळे खोलीत चिडीचूप शांतता असायची. मी टेकवत जायची आणि देविदास गप्प पडून राहायचा. पावसाळा असाच गेला.

दसऱ्यानंतर तो यायचा बंद झाला. रंजना एकटी आली. "ते म्हनते, पाय कापून टाका," ती म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून झोपते. जेवतच नाही जी."

मी तिला म्हटलं, दिवाळीपर्यंत कसंही करून आण. मला त्या वेळी स्वतःलाच फारशी आशा नव्हती. पण हे घरच्यांना सांगायचं नसतं, आमच्या धंद्यात चेहरा हेसुद्धा एक अवजारच असतं.

दिवाळीच्या आधी ती त्याला घेऊन आली. तो पडला, डोळे मिटले. ती नेहमीप्रमाणे त्याच्या उशाशी उभी राहिली, एक हात त्याच्या डोक्याशी टेबलावर. मी कापूस टेकवला.

"हो," देविदास म्हणाला.

मी पुन्हा दुसरीकडे टेकवला. "हो." अंगठ्याजवळ टेकवला. थोडं थांबून, "हो."

रंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, लपवत नाही. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी दुपारचा डबा चवीने खाल्ला. पाय अजून हलत नव्हता, पण स्पर्श आधी येतो कधी कधी, असं मी म्हटलं. देविदास रोज यायला लागला. जेवायला लागला. स्टँडवर जाऊन बसायला लागला. कुठे 'हो' यायचं, कुठे नाही, पण दर महिन्याला थोडं अधिक. मी कधी नव्हे ते इतर पेशंटांना त्याचं उदाहरण द्यायला लागले.

मार्च सरत आला तसा कूलर सुरू करावा लागला. आमच्याकडचा कूलर ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगते, त्याच्यासमोर बोलायचं असेल तर ओरडावं लागतं. त्या दिवशी देविदासने डोळे मिटले आणि मी परीक्षा सुरू केली. टेकवलं, तो गप्प. पुन्हा टेकवलं, गप्प. अख्खं पाऊल फिरून आले. एकही 'हो' नाही.

"देविदास, लागत नाही का रे?" मी ओरडून विचारलं.

"लागल्यावर सांगतो ना, मॅडम!" तोही ओरडला.

वाढत आलेली नस मागे जात नाही. मी जाऊन कूलर बंद केला, म्हटलं नीट शांतपणे बघू. देविदास तसाच डोळे मिटून पडला होता. मी पाऊल उचलून तळवा उजेडाकडे केला आणि टाचेत बाभळीचा काटा दिसला. मोडून आत राहिलेला. भोवती पिवळं पडलेलं, फुगलेलं. काही दिवसांचा असणार. तळवा बघायचं या लोकांनी सोडून दिलं होतं, लागायला लागलं म्हणून.

मी चिमट्याने काटा धरला आणि ओढून काढला. चांगला बोटाच्या पेराएवढा होता, मागून पू आला. तुमच्या-माझ्या पायातून असा निघाला असता तर आपण बाजारात ऐकू जाईल असं ओरडलो असतो. देविदासच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. रंजनाने मात्र काटा पाहिला आणि तिचा हात झटकन तोंडावर गेला. हातातल्या काचेच्या बांगड्या खळकन वाजल्या.

"हो," देविदास म्हणाला. मिटल्या डोळ्यांनी, समाधानाने.

मी रंजनाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी जखम धुऊन पट्टी बांधली, तिला बाहेर ओट्यावर नेलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"त्याला माहीत आहे?"

"नाही जी. त्याईले खरंच वाटते का लागते म्हनून." ती रडत नव्हती, रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "तुमी कापूस लावला का मी त्याईच्या कानाशी मनगट थोडंसं हलवो. बांगडी वाजली का ते हो म्हनत. पयल्या दिवशी त मले वाटलं, एकडाव हो म्हनले त उठून बसतीन. उठले बी. मंग कसं थांबू? मी थांबली असती त पुन्हा भिंतीकडं तोंड केलं असतं त्याईनं."

"आणि मी पाय झाला म्हटलं असतं तर? गाडीत माणसं बसली असती, रंजना."

"मले वाटे, तवापर्यंत खरंच जीव येईन पायात."

मला अतोनात राग आला होता. तिचा आला, कूलरचा आला, दिवसाला एक मिलिमीटर सरकणाऱ्या त्या नसेचा आला. इतके महिने आम्ही तिघं एका बांगडीच्या आवाजावर जगत होतो. आणि काटा उद्या मिळाला असता तर टाच सडली असती. हे सगळं मी तिला बोलले, आवाज चढवून बोलले. शेवटी ती म्हणाली, "मीच सांगतो त्याईले. तुमी नका सांगू."

तिने सांगितलं. देविदास यायचा बंद झाला.

उन्हाळा गेला. स्टँडवरच्या ड्रायव्हरांबरोबर मी निरोप पाठवत राहिले, की पाय तसाच ठेवला तर टाच वर ओढली जाईल आणि मग नस येऊनही उपयोग नाही. आमच्याकडे पत्र हरवेल, फोन लागणार नाही, पण काळीपिवळीबरोबर दिलेला निरोप पोचतो. उत्तर मात्र आलं नाही. मी इतरांचे गुडघे, इतरांचे खांदे करत राहिले. असे कितीतरी पेशंट मध्येच सुटतात, त्यांचं पुढे काय झालं ते कळत नाही. या धंद्यात सगळ्यात जास्त थकवा याचाच येतो.

पेरण्या आटोपल्यावर एक दिवस तो दारात उभा. एकटा, काठी टेकत.

"रंजना?" मी विचारलं.

"घरीच ठेवली. लई वाजते."

एवढंच म्हणाला आणि जाऊन टेबलावर पडला.

त्यानंतरचा देविदास वेगळा होता. आधीचा काही तरी व्हावं म्हणून धडपडायचा, हा कशावरच विश्वास ठेवत नव्हता. स्वतःवर तर नाहीच. परीक्षा घ्यायला लागले की म्हणायचा, "माह्या सांगन्यावर राहू नका. मी काईबी सांगतो." डोळे मिटायला तयार नसे. मिटले तर दोन्ही कानांत बोटं घालून पडायचा. मी त्याला म्हटलं, कानात बोटं घातल्यावर तुझं हो मला ऐकू येईल, पण माझा प्रश्न तुला येणार नाही. "मंग नका विचारू," म्हणाला. मग मी स्पर्शाची परीक्षाच बंद केली आणि नुसते व्यायाम घेतले. हलणं कुणाला खोटं करता येत नाही.

आधी पोटरी जागी झाली. पोळ्याच्या सुमारास तो मला म्हणाला, "मॅडम, जरा इकडं पाहा. मले कायतरी दिसून राह्यलं, पन तुमीच पाहा." मी वाकून पाहिलं. तो जोर लावत होता, कपाळावर घाम आला होता, आणि पावलाच्या वरच्या बाजूला, कातडीखाली, एक दोरी किंचित ताणली जात होती. अंगठा केसभर उचलला. मी बोट ठेवून खात्री केली.

"आहे," मी म्हटलं.

"घरी सांगू नका," तो म्हणाला.

पुढचं वर्ष कंटाळवाणं होतं आणि ते तसंच सांगायला हवं. चमत्कार झाला नाही. तेच ताणणं, तेच उचलणं, दोन पावलं पुढे आणि एक मागे. स्टँडवरच्या एका मिस्त्रीने भंगारातल्या जीपचे पेडल एका फळीवर ठोकून दिले होते. खाली स्प्रिंग लावलेली. देविदास ती फळी माझ्या खोलीत घेऊन आला आणि कोपऱ्यात बसून पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर न्यायचा, दुपारभर. खट, खट. डोकं उठायचं माझं, पण पुढे पुढे पाय पेडल चुकेनासा झाला. एक दिवस तो म्हणाला की तळव्याची आग होते, मिरच्या चोळल्यासारखी, आणि मुंग्या येतात. सांगताना तोंड वाकडं करत होता आणि मी मात्र आतून हलले, कारण नस तळव्यात उतरते तेव्हा आधी असंच होतं. मी त्याला हे सांगितलं. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

घरी दोघांचं कसं चाललं होतं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. एकदा बाजारात रंजना भेटली. "पाय कसा हाये?" तिने मला विचारलं. नवऱ्याच्या पायाची चौकशी ती परक्यासारखी माझ्याकडे करत होती. मला त्या वेळी तिचं फार वाईट वाटलं.

कापूस फुटायला लागला होता तेव्हा देविदास सकाळी आला, आणि मागे रंजना.

"आज मिटतो डोये," तो म्हणाला. "घ्या परीक्षा. हिच्यासमोरच घ्या."

रंजना आत आली. तिने हात पुढे केला तेव्हा मी बघितलं, दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे सरकवून तिने वरून रुमाल करकचून बांधले होते. बांगड्या काढून ठेवणं तिला जमणारं नव्हतं, नवरा असताना कुठल्या बाईला जमतं इकडे. म्हणून बांधून आली होती. हातांवर वळ उठले होते.

देविदास पडला. डोळे मिटले. रंजना उशाशी, तिच्या जुन्या जागी. कूलर बंद होता. मी तिच्याच पदरावरचा कापूस घेतला.

टाच. "हो."

पावलाची कड. तो थांबला. "हो... हलकंच."

करंगळी. काही नाही. मी पुन्हा टेकवलं. "नाही काई," तो म्हणाला.

अंगठ्याखालचा उंचवटा, ज्याने ब्रेक दाबतात. मी कापूस नुसता टेकवला, दाबला नाही. माझा अंगठा दुखत होता.

"हो," देविदास म्हणाला. "तिथं हो."

मी रंजनाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ते 'हो' तिने आधीही ऐकलं होतं, त्याच जागी, त्याच आवाजात, आणि ते कसलं होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने मला हाताने थांबायची खूण केली. मी कापूस उचलला आणि मागे सरकले. तिने दाताने एका हातावरच्या रुमालाची गाठ सोडली, बांगड्या मनगटावर घसरू दिल्या आणि त्याच्या कानाशी हात नेऊन चांगल्या खळकन वाजवल्या.

माझा हात पायाजवळ नव्हता.

देविदासच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा बांगड्या वाजल्या. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"नाही," तो म्हणाला. "वाजल्या, पन लागलं नाही."

रंजना खाली बसली, तिथेच, फरशीवर, आणि मोठ्याने रडायला लागली. देविदासने डोळे उघडले नाहीत. हात खाली सोडून चाचपडत त्याने तिचं डोकं शोधलं. मी स्टुलावर बसले. थोड्या वेळाने तो मला म्हणाला, "मॅडम, आता तुमी सांगा."

"पाय झाला," मी म्हटलं.